टॅनर्स फोर्डचे दोन बंब

टॅनर्स फोर्ड गावात आग विझवणारी दोन मंडळं होती. ओढ्याच्या अलीकडे 'फ्रेंडशिप' आणि पलीकडे 'गुडविल'. एकाचं नाव मैत्री, दुसऱ्याचं सद्भावना, आणि दोघांचा तीन पिढ्या अबोला. बाहेरगावचे लोक यावर पोट धरून हसत. मार्जीन ट्रॉसलला मात्र हसू येणं कधीच बंद झालं होतं, कारण ती फ्रेंडशिपची चीफ होती आणि सासर गुडविलवाल्यांचं होतं.

पगार कुणालाच नव्हता. दोन्हीकडचे लोक आपापला कामधंदा सांभाळून, भोंगा वाजला की हातातलं टाकून पळत. मार्जीन शाळेची बस चालवायची. मागच्या बाकांवरची चाळीस पोरं आरशात नुसतं पाहून गप्प करणारी बाई. पण पेनसिल्व्हेनियातल्या या खोऱ्यातले पांढऱ्या केसांचे बंबवाले तिला काही गप्प करता येत नव्हते.

भांडणाचं मूळ होतं टोप्यांच्या कारखान्याची आग. ती १९२२च्या हिवाळ्यात लागली. तेव्हा गावात एकच मंडळ होतं, फ्रेंडशिप, आणि त्याचा चीफ होता मार्जीनचा आजोबा, लीवाय ब्रॉसमन. कारखाना पेटला, वारा सुटला, ठिणग्या ओढ्यापलीकडच्या लाकडी चाळीवर पडल्या. लीवायनं बंब कारखान्यापाशीच ठेवला. कारखाना अर्धा वाचला. चाळीतली चार घरं जळून राख झाली. माणसं जिवानिशी वाचली, पण उरलेला हिवाळा त्यांनी चर्चच्या तळघरात काढला.

अलीकडचे म्हणत, घरं आधीच गेली होती, लीवायनं गावाची भाकरी वाचवली. पलीकडचे म्हणत, कारखाना मालकाचा होता आणि घरं मजुरांची होती, एवढंच त्यात आहे. दोन वर्षांनी पलीकडच्या बायकांनी गोधड्या शिवून विकल्या, पै-पै जमवून स्वतःचा बंब आणला आणि दारावर पाटी लावली: गुडविल.

इथपर्यंतचं मार्जीनला समजायचं. त्यानंतरचं समजायचं नाही. गुडविलवाल्यांनी त्या तिरीमिरीत पाइपांच्या जोडांचे आटेसुद्धा वेगळे पाडून घेतले. म्हणजे फ्रेंडशिपचा पाइप गुडविलच्या पाइपाला लागत नाही आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या, बंबांसाठी नळ बसवलेल्या पाण्याच्या खांबालाही लागत नाही. हे मुद्दाम, ठरवून, मतदान घेऊन! पुढे फ्रेंडशिपनं मोठा भोंगा घेतला, तर गुडविलनं त्याहून मोठा. फ्रेंडशिपचा पैसे जमवायचा बिंगोचा खेळ शुक्रवारी, तर गुडविलचाही शुक्रवारीच. एकानं लांब शिडीची गाडी घेतली म्हणून दुसऱ्यानंही घेतली, आणि गावात तिसऱ्या मजल्याच्या वर काही बांधलेलंच नव्हतं. एकदा ऐन पुलाच्या मधोमध एका माणसाची मोटार पेटली. दोन्ही बंब दोन टोकांनी आले. पुलाचा मध्य नेमका कुठे यावर वाद झाला. वाद संपला तेव्हा मोटारीची चाकंसुद्धा उरली नव्हती. त्या माणसानं गाव सोडलं ते सोडलंच.

"आणि हे लोक ही गोष्ट अभिमानानं सांगतात," मार्जीन नवऱ्याला म्हणायची.

"सांगू देत ना," लॅमार म्हणायचा. त्याचं लाकडी खुर्च्यांचं दुकान होतं. तो कुठल्याच मंडळात नव्हता आणि त्यामुळे घरात निदान जेवताना तरी शांतता असायची.

आता मात्र गावसभेनं निकरावर आणलं होतं. तरुण मंडळी कामाला शहरात जाऊ लागली होती. दिवसा भोंगा वाजला तर दोन्हीकडे मिळून एक बंब भरेल इतकी माणसं निघत. सभेनं सांगितलं, एक व्हा. नवा बंब एकच मिळेल, एक झालात तर. नाहीतर शेजारच्या गावाला काम देऊन टाकू.

मग चर्चच्या तळघरात बैठका सुरू झाल्या. पहिली बैठक खुर्च्या कशा मांडायच्या यावर संपली. दुसरी बंबाच्या रंगावर. फ्रेंडशिपचे बंब लाल, गुडविलचे सायीसारखे पांढरे.

"बंब लालच असतो," फ्रेंडशिपचा ड्रायव्हर मर्ल हुबर म्हणाला. "लहान पोराला विचारा."

"लहान पोरांनाच विचारत बसलात म्हणून तुमची ही अवस्था," समोरून ॲमन ट्रॉसल म्हणाले.

ॲमन ट्रॉसल हे लॅमारचे सख्खे काका. वय चौऱ्याहत्तर, गुडविलचे माजी चीफ आणि गुडविलच्या कोंबडी-मक्याच्या सूपचे तहहयात आचारी. जळालेल्या चार घरांपैकी एक त्यांचं. तेव्हा ते सहा वर्षांचे होते. मार्जीन लग्न होऊन ट्रॉसलांच्या घरात आली तेव्हा त्यांनी लग्नाच्या जेवणात तिला पहिलं वाक्य ऐकवलं होतं: "ब्रॉसमनची नात आहेस, चुलीजवळ जरा जपून." तीस वर्षांत त्यांचा सूर काही बदलला नव्हता.

"अंकल ॲमन," मार्जीन म्हणाली, "रंगाचं नंतर बघू. आधी आट्यांचं बघू या का? मी दोन पितळी जोड करून घेतलेत. एका तोंडाला आमचे आटे, दुसऱ्याला तुमचे. एक आमच्या बंबावर ठेवते, एक तुमच्या बंबावर ठेवा."

"म्हणजे आमचे आटे चुकीचे?"

"चुकीचे कोण म्हणतंय?"

"जोड चुकीच्या वस्तूला लावतात."

"जोड दोन वस्तूंना लावतात!" मार्जीनचा आवाज चढला. "देवा रे, बसमधली पोरं परवडली!"

तिच्या बाजूचेही काही कमी नव्हते. मर्ल बाहेर पडताना तिला हळूच म्हणाला, "चीफ, तो जोड आपल्या बंबावर कशाला? आपण काय पलीकडे जाणार आहोत?" तिनं तो स्वतःच्या हातानं बंबाच्या कप्प्यात ठेवला आणि कप्प्याचं झाकण इतकं जोरात आपटलं की मर्ल दोन पावलं मागे सरला.

जूनमधल्या एका शनिवारी गुडविलचे सगळे लोक आपले दोन्ही बंब घासूनपुसून लांबच्या एका गावी बंबांच्या मिरवणुकीला गेले. मागे बंबघरात ॲमन अंकल आणि चार-पाच बायका संध्याकाळच्या विक्रीसाठी सूप रटरटवत होत्या. दुपार व्हायच्या आधी पलीकडचा भोंगा वाजायला लागला.

मार्जीन अंगणात कपडे वाळत घालत होती. भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिनं कान दिला. पुन्हा वाजला.

"त्यांचे लोक तर मिरवणुकीला गेलेत," ती लॅमारला म्हणाली. "कुणासाठी वाजवतायत?"

"तुला बोलावलंय का?"

बोलावल्याशिवाय पूल ओलांडायचा नाही, हा नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण बाकीच्या लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा तोच कसोशीनं पाळला जायचा. तेवढ्यात झाडांच्या शेंड्यांवर काळा धूर चढताना दिसला. ओल्या चादरीचा पिळा तिनं तसाच बादलीत टाकला.

"नियम खड्ड्यात गेला," ती म्हणाली आणि पळाली.

फ्रेंडशिपच्या बंबघरात मर्ल आणि आणखी तिघं जमले होते आणि बंब सुरू करून उभे होते. नुसतेच उभे.

"जायचं ना?" मर्लनं विचारलं.

"नाही, इथं उभं राहून हात शेकू या!" मार्जीन ओरडली. "चल!"

पुलावरून फ्रेंडशिपचा लाल बंब पलीकडे गेला, तो गुडविल निघाल्यापासून पहिल्यांदाच. ते लक्षात घ्यायलाही कुणाला सवड नव्हती, कारण पेटलं होतं ते खुद्द गुडविलचं बंबघर. स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्यात वर्षानुवर्षांचं तूप-तेल साचलं होतं. ते पेटलं आणि तिथून छपराच्या लाकडात शिरलं. बायका बाहेर आल्या होत्या. दारात, हातात सुपाचा डाव घेऊन, ॲमन अंकल उभे होते.

"तुम्हाला कोणी बोलावलं?"

मार्जीन बंबावरून खाली उतरली. "तुमच्या भोंग्यानं!"

"तो आमच्या पोरांसाठी होता."

"तुमची पोरं तिकडे बाजाच्या तालावर बंब मिरवतायत! अंकल, बाजूला व्हा. आत कुणी आहे?"

"माणूस नाही."

"मग झालं."

"झालं काय? जुना बंब आहे आत!"

जुना बंब म्हणजे गोधड्या विकून घेतलेला तो पहिला. हातानं ओढायचा, पितळेचा, दर वर्षी बायकांनी मऊ फडक्यांनी उजळलेला. गुडविलवाले आपल्या आज्या-पणज्यांची नावं विसरले असतील, पण त्या बंबाच्या चाकाचे आरे त्यांना तोंडपाठ होते.

मर्लनं पाइप पाण्याच्या खांबाकडे नेला आणि खांबापाशी जाऊन थबकला. मार्जीननं कप्पा उघडला आणि पितळी जोड त्याच्या हातात कोंबला. जोड घट्ट बसला. मर्लनं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

पाणी आलं, पण जेमतेम. पलीकडची जमिनीखालची नळवाट जुनी आणि अरुंद. दुसरा पाइप जोडला तर दोन्हींतून नुसती धार गळायला लागली. एकच पाइप जोरात चालणार होता. मार्जीननं वर पाहिलं. छपरातून ज्वाळा बाहेर आल्या होत्या आणि वारा त्यांना ढकलत होता पूर्वेला. पूर्वेला चाळ होती. जळाली होती तिथेच पुन्हा बांधलेली, लाकडी ओसऱ्यांची, एकमेकींना खेटून. पहिल्या घराच्या पन्हाळीला धुराची बारीक रेघ लागलेली तिला दिसली.

"मर्ल, पाइप चाळीवर!"

"आणि बंबघर?"

"बंबघर गेलं. चाळीवर मार, छपरं भिजव!"

"चीफ, पुढची खोली अजून..."

"मर्ल हुबर, मी सांगते ते कर!"

पाइपाचं तोंड वळलं आणि तिच्या मागून एक आरोळी आली, तशी तिनं माणसाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. "ब्रॉसमन!" ॲमन अंकल ओरडत होते. "पुन्हा पाठ फिरवलीत! पुन्हा!" आणि डाव टाकून ते बाजूच्या दारातून आत घुसले.

मार्जीन मागे धावली. दारातच धुराचा भपकारा तोंडावर आला. म्हाताऱ्याच्या पॅंटचे खांद्यावरचे पट्टे तिच्या हाताला लागले. तिनं ओढलं. ते पुढे ओढत होते, ती मागे. एक पट्टा तुटला. दुसरा टिकला. दोघंही पाठीवर रस्त्यात येऊन पडली आणि त्याच क्षणी आतल्या छपराची तुळई कोसळली. पितळ पडल्याचा आवाज आला, घंटा पडावी तसा.

"एका गाडीसाठी जीव देणार होतात?" मार्जीन धापा टाकत, खोकत, रडत ओरडली. "काय म्हणावं तुम्हाला! लॅमारला काय सांगितलं असतं मी? सुपाचा डाव ठेवला आणि गेले म्हणून?"

ॲमन अंकल एका हातानं पॅंट धरून रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

पहिल्या घराची ओसरी काळवंडली. एक खिडकी तडकली. बाकी चाळ सगळी वाचली. त्यात तिसरं घर ॲमन अंकलचं होतं, पण हे कुणीच बोलून दाखवलं नाही.

बंबघराच्या भिंती तेवढ्या धुमसत राहिल्या होत्या तेव्हा गुडविलचे दोन्ही बंब भोंगे वाजवत मिरवणुकीतून परत आले. गणवेशाची पांढरी बटणं चकाकत होती. पहिल्या बंबाच्या नाकावर सर्वांत देखण्या बंबाचा करंडक बांधलेला होता. ड्रायव्हरनं बंब थांबवला, खाली उतरला, आणि जिथं बंब लावायचा ती जागाच नाही हे बघत उभा राहिला. मग त्यानं करंडक सोडवला आणि कुठे ठेवावा ते न कळून काखेत धरला. मार्जीनला त्याची दया आली, आणि दया आल्याचाही राग आला.

ती जाऊन ॲमन अंकलच्या शेजारी बसली. बायकांपैकी कुणीतरी दोघांच्या हातात सूप दिलं. एक पातेलं वाचलं होतं. त्याला धुराचा वास होता.

ॲमन अंकलनी सुपात चमचा फिरवला. मग म्हणाले, "घर जळताना मी तुझ्या आज्याकडे बघत होतो. आई म्हणत होती, आता येतील, आता येतील. ओढ्यापलीकडे तो उभा होता. त्यानं एकदा वळून आमच्याकडे पाहिलं. मग पुन्हा तोंड फिरवलं. घर जळालं ते मी विसरलो असतो, पोरी. ते तोंड फिरवणं नाही विसरलो."

मार्जीनला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या घरच्या गोष्टीत आजोबा मागे वळून पाहत नसत.

"तू आज पाहिलंस?" त्यांनी विचारलं. "बंबघराकडे?"

"पाहिलं."

"आणि?"

"आणि काय, अंकल? पाणी एकाच पाइपाला होतं."

त्यांनी चमचा वाडग्यात ठेवला. "त्याच्याकडेही एकच होता," ते म्हणाले. मग जणू स्वतःच्याच बोलण्याचा संताप येऊन त्यांनी तिच्याकडे बोट रोखलं. "म्हणून मी त्याला माफ केलंय असं गावभर सांगत सुटू नकोस!"

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुझ्या तोंडावर दिसतंय."

"माझ्या तोंडावर काजळी आहे!"

एक होण्याचा निर्णय मग कुणी घेतला असं म्हणता येणार नाही. गुडविलच्या बंबांना छप्पर नव्हतं, म्हणून ते पुलाच्या अलीकडे आणून फ्रेंडशिपच्या बंबघरात लावले. दाटीवाटीनं लाल आणि पांढरे बंब उभे राहिले. खुंट्यांवर दोन रंगांचे कोट आले. पहिल्या आठवड्यात कॉफी कोणत्या भांड्यात करायची यावरून भांडण झालं. त्यानंतर घोषणांच्या फळ्यावर कुणाची पिन कुठली यावरून. मार्जीन रोज संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत कोसळायची.

"दोन वेगवेगळी होती तेव्हा बरं होतं," ती लॅमारला म्हणायची. "तेव्हा निदान मध्ये ओढा होता."

मतदान झालं ते चर्चच्याच तळघरात. एक मंडळ व्हावं, असं थोडक्या मतांनी ठरलं. नावाचं ठरलं नाही. शेवटी गावसभेच्या अध्यक्षीणबाईंनी वैतागून दोन्ही नावं एकामागे एक लिहायला सांगितली आणि कुठलं आधी यावर पुन्हा तासभर गेला. नाणं उडवलं. गुडविल आधी आलं. मर्ल हुबर उठून बाहेर गेला आणि बाहेर थंडी असल्यामुळे परत आला.

चीफ कोण, यावर एकच नाव पुढे आलं. मार्जीनचं. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकच हात वर झाला.

"अंकल ॲमन," ती न राहवून म्हणाली, "निदान कारण तरी सांगा!"

"सांगतो की." ते उभे राहिले. नवे पट्टे लावून आले होते. "ही बाई कुणाचं ऐकत नाही. दारात उभ्या माणसाला ढकलते, आत गेलेल्याला ओढते. माझे पट्टे तोडले, ते अजून भरून दिले नाहीत. अशा बाईला मी मत देणार नाही." सगळे हसले. ते हसले नाहीत. "पण तुम्ही द्या," ते म्हणाले आणि खाली बसले.

पुढच्या सोमवारी मार्जीन बस लावून बंबघरात आली तर आतून काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. ॲमन अंकल एकटेच लाल बंबावर चढून, तिनं आदल्या दिवशी रचलेला पाइप सगळा उचकटून खाली टाकत होते. ती धावत बंबापाशी गेली.

"हे काय चाललंय?"

"ही काय घडी आहे? वेगात खेचला तर गाठ बसेल. तुम्हा फ्रेंडशिपवाल्यांना साठ वर्षांत पाइप घडी करता आला नाही."

"आम्ही अशीच घडी करतो. कधी गाठ बसली नाही."

"बसली असती. देव दयाळू आहे."

"अंकल, माझी सगळी सकाळ गेली होती त्यात!"

"मग आता संध्याकाळ घाल. ते टोक धर. असं नाही, उलटं. उलटं म्हणजे उलटं, पोरी!"

मार्जीननं बसची किल्ली खिशात टाकली, एक लांब श्वास घेतला आणि टोक उलटं धरलं. वरून ते ओढत राहिले, खालून ती देत राहिली. पाइपाच्या प्रत्येक थराला दोघांचा एकेक वाद झाला, आणि अंधार पडायला आला तरी निम्मासुद्धा रचून झाला नव्हता.